प्रधानजींचं न गळणारं पोतं

हिंगणगडाच्या शस्त्रशाळेत बाणांची टोकं ज्या तेलात बुडवत, त्यात बिब्बा आणि हरताळ असे. अंगाला लागलं तर फोड, पोटात गेलं तर तिरडी. वापरून झालेलं हे काळं तेल टाकायचं कुठे, हा प्रश्न सोडवायचं काम सत्तरीच्या प्रधानजींकडे होतं. म्हणजे तो सुटायची आशा नव्हतीच.

प्रधानजींनी नियम केला. पातळ तेल जमिनीत ओतायचं नाही. आधी ते भाताच्या कोंड्यात जिरवायचं, कोंडा पोत्यात भरायचा आणि पोतं पांढऱ्या धोतरावर टांगायचं. एक विडा चघळून होईपर्यंत धोतरावर थेंब पडला नाही, तर पोतं कोरडं आणि पुरायला मोकळं. कोंडा प्रधानजींच्या मेव्हण्याच्या कोठारातला होता, हे सांगायला नकोच. विडाही प्रधानजीच चघळत, आणि घाईत असले की अर्धाच.

खड्डा ठरला कुंभारवाडीच्या वरच्या अंगाला. तिथे पोती थरावर थर रचायची, वर दगडमाती. त्याच्या बरोबर खाली वाडीचा एकुलता एक झरा. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी पारावर बसून माना हलवल्या, मोठ्यांच्या तोंडी लागू नये असं एकमताने ठरवलं आणि तंबाखू मळायला घेतली. सखोबा कुंभाराची मुलगी गोजरा मात्र चाकावरून उठली ती चिखलाच्या हातांनीच दरबारात गेली.

"महाराज, ही पोती गळणार," ती म्हणाली. "कोंडा तेल पितो, पण दाबला की ओकतो. वर दगड पडले की सगळं आमच्या झऱ्यात."

प्रधानजींनी तिला समजावलं की नियमात टांगायचं लिहिलंय, दाबायचं नाही, आणि त्यांचं वय तिच्या चौपट आहे. महाराजांनी तर त्या नियमावर शिक्का मारला होता. एकदा शिक्का मारला की महाराज स्वतःच्या आईचंही ऐकत नसत.

"सिद्ध कर," ते म्हणाले. "सूर्य मावळायच्या आत. पोत्याला तू हात लावायचा नाहीस, सुरी लावायची नाहीस, खड्डा खणायचा नाहीस. नाही जमलं, तर उद्या खड्ड्यात पडणारं पहिलं पोतं तूच डोक्यावरून वाहून नेशील."

गोजराने थोडा विचार केला आणि शस्त्रशाळेच्या अंगणात गेली. पोती भरणाऱ्यांच्या हातांवर फोडच फोड होते, त्यामुळे त्यांनी तिचं म्हणणं लगेच ऐकलं. त्यांनी प्रधानजींच्याच कोंड्याचं, त्यांच्याच मापाने, एक पोतं भरून दरबारात आणलं. पोतं धोतरावर टांगलं. प्रधानजींनी या वेळी विडा पूर्ण चघळला. थेंबही पडला नाही.

"बघितलंस?" प्रधानजी म्हणाले. "महाराजांच्या गादीइतकं कोरडं आहे."

"खरंच गादीइतकं?"

"अगं, महाराजांनी बसावं इतकं!"

"मग बसू देत की," गोजरा म्हणाली.

दरबाऱ्यांनी माना खाली घातल्या. त्याचं कारण असं. दरवर्षी महाराजांची गुळाने तुला होई, आणि दरवर्षी गूळ भरे तो महाराजांच्या सोळाव्या वर्षी भरला होता तेवढाच. गूळ मोजायची वजनं प्रधानजींनी तशी खास घडवून घेतली होती. महाराज चालले की झुंबरं किणकिणत, पण दरबारी भाषेत ते फुलासारखे हलके होते. उलट बोलणाऱ्याची जीभ जाई.

महाराजांना वाटलं, यात एवढं काय? नियम आपला, शिक्का आपला. त्यांनी पोतं सिंहासनावर ठेवायला सांगितलं, नवा पीतांबर सावरला आणि बसले.

आधी काहीच झालं नाही. मग एक आवाज आला, जो आपण ऐकलाच नाही असं सगळ्यांनी दाखवलं. मग पीतांबर काळपट झाला, आणि सिंहासनाच्या पायऱ्यांवरून तेलाचा ओघळ निवांत उतरत प्रधानजींच्या जोड्यांपाशी आला.

"महाराज, उठा! बिब्बा आहे, भाजेल!" प्रधानजी किंचाळले.

"कशाने भाजेल?" गोजराने विचारलं. "पोतं तर कोरडं आहे ना?"

"मूर्ख पोरी, एवढ्या वजना..." प्रधानजींनी जीभ चावली.

"बोला ना, प्रधानजी. महाराज जड आहेत, की पोतं गळकं आहे?"

प्रधानजींनी महाराजांकडे पाहिलं. दाराशी उभ्या जल्लादाकडे पाहिलं.

"पोतं," ते अगदी हळू म्हणाले. "गळकं आहे."

महाराज अजून बसूनच होते, दोन्ही हातांनी सिंहासन धरून. "पोरी, माझं काय होणार आता?"

"काही नाही, महाराज. मी करडईचं तेल भरायला सांगितलं होतं. खरं काळं तेल असतं तर महिनाभर पालथं झोपून राज्य करावं लागलं असतं. आमच्या झऱ्याला मात्र उद्यापासून खरं तेलच मिळणार होतं."

महाराजांनी पीतांबराचा तेलकट सोगा हातात धरून हुंगला. मग ते हसायला लागले. हसता हसता हलायला लागले, आणि ते हलले तसं पोत्यातून आणखी शेरभर तेल निघालं. दरबारही हसला, आधी भीतभीत, मग पोट धरून. महाराजांनी तिथल्या तिथे कुंभारवाडीचा खड्डा रद्द केला आणि बक्षीस म्हणून हातातलं सोन्याचं कडं काढलं. गेली बारा वर्षं ते कडं निघत नव्हतं. आज तेलामुळे पटकन निघालं.

"आणि यापुढे पोती तपासायचं काम तुझं," महाराज म्हणाले. "टांगून नाही, दाबून. बोल, आणखी काय हवं?"

"वजन हवं, महाराज. पोत्यावर बसायला कुणीतरी लागेल. तुम्हाला रोज त्रास कशाला?"

महाराजांची नजर सावकाश प्रधानजींकडे वळली. पाठोपाठ सगळ्या दरबाराची वळली.

"पण तेल," प्रधानजींनी चाचरत विचारलं, "तेल करडईचंच ना?"

"छे, प्रधानजी," गोजरा कडं पुसत म्हणाली. "तुमच्या नियमात लिहिलंय तेच."