राजाच्या मस्तकातला गड

एका राज्यात असे नवल होते, की तिथला गड डोंगरावर नव्हता, राजा चंद्रकेतूच्या मस्तकात होता. गडावर हजारो चिमुकले सेवक दिवसभर रेशमी पट्ट्यांच्या घड्या घालत आणि त्या घड्यांच्या बळावर राजाचा हात उठे, पाऊल पडे. शेजाऱ्याकडे पाहून घडी घालायची, हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज.

एकदा राजाने कालजंघ मांत्रिकाला हात उगारून दरबारातून हाकलले. जाता जाता मांत्रिकाने मंत्र टाकला आणि गडावरच्या एका सेवकाची घडी उलटी पडली. फक्त एकाची. शेजाऱ्याने ती पाहिली, मग त्याच्या शेजाऱ्याने. वर्ष सरले तेव्हा राजाच्या हातातला पेला थरथरू लागला, पाऊल उंबऱ्याशी अडू लागले, हसरा चेहरा लाकडासारखा झाला. वैद्यांची औषधे गडाच्या दारावरूनच परत येत, कारण द्वारपाल अनोळखी कुणालाही आत सोडत नसत. चोर घरात आणि कुलूप दाराला, असला तो पहारा.

राणी कुमुदिनी रोज राजाची थरथर कुठवर चढली ते पाही. थरथर गळ्याशी पोहोचली, की राजाला घास उतरणार नव्हता. मग राजा कुठला आणि राणी तरी कुठली.

तिच्या पाळलेल्या साळुंकीने तिला तीन कामे सांगितली. कड्यावरच्या आग्या मोहोळाचा मध आणायचा. साळुंकीचे पीस गिळून तिळाएवढे व्हायचे. आणि गडावरची पहिली उलटी घडी शोधून उलगडायची. "पण फाडू नकोस," साळुंकी म्हणाली. "फाडलीस, तर तिचा प्रत्येक तुकडा नवी घडी बिघडवील."

राणीने मध आणला. माश्यांनी तिचे तोंड सुजवले. पीस गिळून ती राजाच्या बोटावरच्या ओरखड्यातून रक्ताच्या धारेत उतरली आणि वाहत वाहत गडाच्या दाराशी लागली.

"कोण आहे?" द्वारपालाने विचारले.

"मध घेऊन आले आहे."

"मध आम्हाला रोज लागतो. ये."

आत अंधार होता. उलट्या घड्यांचे ढीग छताला भिडले होते आणि त्यांखाली कित्येक सेवक मरून पडले होते. जे जिवंत होते, ते मान वळवून शेजाऱ्याकडे पाहत आणि उलटीच घडी घालत. राणीने सर्वांत जाड धूळ साचलेला ढीग शोधला. त्या सर्वांत जुन्या ढिगाच्या तळाशी हात घालून तिने पहिली घडी ओढून काढली. ती हाती येताच तिची करंगळी थरथरली.

भीतीने ती पट्टा फाडणारच होती, पण साळुंकीचे बोल आठवले. तिने डोळे मिटले आणि बोटांनी चाचपत एकेक दुमड सोडवली. पट्टा सरळ झाला.

मग ती सेवकांना म्हणाली, "शेजाऱ्याकडे पाहू नका. डोळे मिटा. तुमच्या हातांना ठाऊक आहे."

त्यांनी डोळे मिटून घड्या घातल्या. त्या सुलट पडल्या. मेलेले उठले नाहीत, पण उरलेल्यांनी त्यांचाही भार उचलला. शाप तुटला आणि कालजंघाच्या जिभेवरचे सारे मंत्र पुसले गेले.

राणी बाहेर आली, पुन्हा होती तेवढी झाली. राजाने पाण्याचा पेला भरून स्वतःच्या हाताने तिला दिला. एक थेंब सांडला नाही. मात्र तिच्या हाती जाताच पाण्यावर बारीक लाट उठली. राजाने ती पाहिली. त्याने तिची करंगळी आपल्या मुठीत धरली, आणि ती मूठ जराही हलत नव्हती.