केळ धरून उभा राहिलेला खासदार

“मग भरू ना अर्ज, पापा?”

ऑस्बर्टने तिसऱ्यांदा विचारलं. पापा टेओफिल केळीची वाळलेली पानं कापत होते. त्यांनी आणखी एक पान कापलं.

कॅरिबियन समुद्रातलं एक लहानसं बेट. त्यातलं मोर्न कालबास हे डोंगरउतारावरचं गाव. याच उतारावर, सगळं गाव ज्यांना पापा म्हणतं त्या टेओफिलनी ऑस्बर्टला केळी लावायला शिकवलं होतं. त्या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली.

पुढे ऑस्बर्टने व्यापारी कंपनीविरुद्ध रस्त्यावर केळ्यांच्या पेट्या रचून वाहतूक अडवली, बागाईतदारांचा संघ काढला, सहा वेळा संसदेवर निवडून आला. दोन वर्षं शेतीमंत्री होता, मग भांडून बाहेर पडला. भांडला तेही शेतकऱ्यांसाठीच, हे त्याचे विरोधकही मान्य करत. माणूस खरा होता. फक्त आपण खरे आहोत हे तो क्षणभरही विसरत नसे.

आज उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस. मुदत दुपारी बारापर्यंत. कचेरी खाली शहरात, तासाभराच्या वाटेवर. साडेनऊ वाजले होते आणि रस्त्यावरून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

“पापा, लोक विचारतील, पापा टेओफिल काय म्हणाले? तुमचा एक शब्द...”

“ही केळ जरा धर,” पापा म्हणाले. “कलली आहे. मी टेकू बघतो.”

ऑस्बर्टने कोट काढून कुंपणावर टाकला आणि झाडाला खांदा दिला. घडावर निळी प्लास्टिकची पिशवी होती, तिला लाल फीत बांधलेली. घड वजनदार होता. झाड उताराकडे ओढ घेत होतं.

पापा गेले. बऱ्याच वेळाने परतले ते रिकाम्या हातांनी, आणि समोरच्या दगडावर बसले.

“टेकू?”

“बघतो.”

ऑस्बर्टने मान वाकडी करून घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं.

“एल्मा काय म्हणते?” पापांनी विचारलं.

एल्मा संघाची सचिव. ऑस्बर्टनेच तिला तयार केलं होतं. बोटीवर चढणारी प्रत्येक पेटी ती स्वतः तपासायची.

“ती म्हणते, तुम्ही उभे राहणार असाल तर मी अर्ज भरणार नाही. कचेरीच्या पायरीवर बसली आहे सकाळपासून. हुशार आहे, पापा. पण अजून... मंत्र्यांसमोर आवाज चढत नाही तिचा.”

“तुझा चढायचा?”

“पहिल्या वर्षी? छे! चाचरायचो.”

तो हसला. पापा हसले नाहीत.

पुन्हा हॉर्न. ऑस्बर्टने खांदा बदलला. पाठीला रग लागली होती, मानेवर मुंग्या चढल्या होत्या, आणि झटकायला हात मोकळा नव्हता.

“पापा, तो टेकू आणा ना! मला जायचंय.”

“जा की.”

“जा काय? सोडलं तर हे आडवं होईल!”

“हं...”

“तीस वर्षं हेच करतोय मी! निर्यातीच्या कोट्यासाठी, रस्त्यांसाठी, वादळाच्या भरपाईसाठी. एक दिवस हात काढला ना, तर हे सगळं गाव आडवं होईल. तुम्हाला दिसत नाही ते?”

पापा खरंच बघत होते. पण ऑस्बर्टकडे नाही, पिशवीकडे.

“फीत कुठली आहे?” त्यांनी विचारलं.

“लाल.”

“आणि या आठवड्यात कुठल्या रंगाची कापणी चालू आहे?”

ऑस्बर्टने मान वळवून पुन्हा फितीकडे पाहिलं.

दर आठवड्याच्या घडांना वेगळ्या रंगाची फीत बांधायची, म्हणजे कुठला घड कधी कापायचा ते लांबूनही कळतं. ही पद्धत बेटावर त्यानेच आणली होती. संसदेत तिच्यावर दोन तास बोलला होता. आणि आज त्याला रंग आठवत नव्हता.

“पिवळी...?” तो म्हणाला.

“निळी. लालची वेळ जाऊन दोन आठवडे झाले.”

पापा उठले. त्यांनी पिशवी वर सरकवली. केळ्यांच्या कडा केव्हाच भरून गोल झाल्या होत्या. वरची अख्खी फणी पिवळी पडली होती आणि दोन केळी फुटली होती. असा घड बोटीवर कुणी चढवून घेत नाही.

ऑस्बर्टचा चेहरा उतरला. त्याला मनापासून लाज वाटली.

पापांनी कोयत्याचा एक घाव घालून घड उतरवला आणि त्याच्या खांद्यावर दिला. चीक त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओघळला. अर्जासाठी मुद्दाम इस्त्री करून घातलेला सदरा होता तो. मग आणखी दोन घावांत पापांनी झाडच बुंध्यापासून आडवं केलं. बाजूचं कोवळं रोप एकदम उन्हात आलं.

खालून हॉर्न वाजला, लांबलचक. अकरा वाजायला पाच मिनिटं होती. आता निघाला तरच पोहोचणार होता.

ऑस्बर्ट हलला नाही.

“पण पापा... मी धरून होतो ना ते!”

पापांनी कोयता पानाला पुसला.

“म्हणून तर कापायचं राहिलं.”