चिवड्याची तूट

एकदा एका तालुक्याच्या गावी फरसाणाच्या दुकानात संगणक आला, आणि काय उत्साह संचारला म्हणून सांगू! यंत्राला हार घातला गेला, गिऱ्हाइकांना पेढे वाटले गेले. पुढच्या महिन्यापासून कराची विवरणपत्रे याच यंत्रातून जाणार होती. ही नवी घडी बसवून देण्यासाठी हिशेबशास्त्रातले एक वृद्ध गुरुजी आणि त्यांचा तरुण शिष्य दुकानी येऊ लागले. दुकानाचे मालक, म्हणजे शेठ, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, "आता आपला कारभार कसा आरशासारखा लख्ख!"

पहिल्याच आठवड्यात माशी शिंकली. चिवडा किती तयार झाला आणि बिलावर किती गेला, हे यंत्राला ठाऊक होते. पण चिवड्याचे पिंप तोलावे तर त्यात यंत्र म्हणेल त्याहून कमीच भरे. रोज कमी.

शिष्य गंभीर होऊन म्हणाला, "शेठ, माल बिलाशिवाय बाहेर जातोय. हिशेब असाच पाठवला, तर विक्री लपवली असा अर्थ निघेल."

शेठांचे डोके भडकले. वर्षानुवर्षे काट्याशी उभा राहून माल तोलणाऱ्या सोपानला त्यांनी भर गिऱ्हाइकांत विचारले, "घरी किती नेतोस रे रोज?"

सोपानचा चेहरा उतरला. "शेठ, कधी दाणा उचलला नाही हो."

"उद्या संध्याकाळपर्यंत तूट सापडली नाही, तर परवापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी गुरुजी सकाळीच हजर झाले. पिंप तोलून त्यांनी तो आकडा यंत्रात भरायला लावला. मग चिवड्याचा एक मोठा पुडा स्वतः विकत घेतला, त्याचे रीतसर बिल केले आणि पुडा मांडीवर घेऊन काट्याशेजारी बसले. गिऱ्हाईक आले की सोपान सवयीने म्हणे, "घ्या काका, चव बघा," आणि हात पिंपात घालू लागे. लगेच गुरुजी पुडा पुढे करीत. "यातलं दे." माल तोलून झाल्यावर वर मूठभर टाकायला सोपानचा हात वळला, की पुन्हा पुडा पुढे. दुपारी पुडा संपला. गुरुजींनी दुसरा घेतला, त्याचेही बिल केले.

शिष्य ओशाळून कुजबुजला, "गुरुजी, लोक बघतायत. आपण इथं हिशेबाला आलोय की खाऊ वाटायला?"

"संध्याकाळ होऊ दे," गुरुजी म्हणाले.

संध्याकाळी पिंप काट्यावर चढले. सगळे दुकान श्वास रोखून उभे! शिष्याने यंत्रातला आकडा वाचला, शेठांनी काटा वाचला आणि ते ओरडलेच, "जुळलं! अहो, तंतोतंत जुळलं!"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "शेठ, रोज पिंपातून जाणारी तूट आज माझ्या पुड्यातून गेली. चव बघायला देणं, मापावर मूठभर वाढवणं, ही तुमच्या वडिलांनी घातलेली रीत. तिच्यावरच तुमचं गिऱ्हाईक टिकलंय, आणि सोपान ती इमानानं पाळत होता. तुम्ही यंत्राला विक्री सांगितलीत, औदार्य सांगायचं राहून गेलं. जे सांगितलं नाही, ते यंत्राला तूट दिसतं. आणि तूट दिसली की आपण शेजारच्या माणसात चोर शोधतो. रीत मोडू नका, तिची नोंद ठेवा. करात ती कशी मांडायची, ते हा माझा शिष्य बघेल."

शिष्याने मान खाली घातली. शेठ गादीवरून उठले आणि भरल्या दुकानात सोपानपुढे त्यांनी हात जोडले. "चुकलो रे मी, सोपान." मग त्यांनी त्यालाच यंत्रापुढच्या खुर्चीत बसवले. शिष्याने 'चवीसाठी दिलेला माल' असा नवा रकाना उघडून दिला.

सोपानने बोट उचलले आणि हळूच विचारले, "शेठ, तुम्ही गादीवर बसून दिवसभर शेव तोंडात टाकता, ती कशात धरू?"

दुकानात हास्याचा एकच कल्लोळ उसळला. शेठही हसले, मग त्यांनी आपल्याच हातांकडे पाहिले. दुकानाच्या मालाच्या तुटीत आपलाही हात असेल, असा संशय त्यांना एकदाही आला नव्हता.

"तीही लिही," ते म्हणाले. "आणि पहिली तीच लिही. माझ्या नावावर."

यंत्राला हिशेब सांगायला बसण्याआधी आपले हात दिवसभर काय देतात आणि काय घेतात, ते एकदा पाहून घ्यावे.