शंखू आणि रावसाचं शेपूट

शंखूच्या आईला रात्रभर झोप लागली नाही.

या कुशीवर वळली, शंख आडवा आला. त्या कुशीवर वळली, शंख पुन्हा आडवा आला.

काळजी एकच. आपलं पोर साधं. त्याला मागता येत नाही.

शंखू म्हणजे शंखातला खेकडा. शेंगदाण्याएवढा. पाठीवर घर घेऊन चालायचा. पाय वाजायचे टिकटिक. शंख घासायचा खर्र. टिकटिक खर्र, टिकटिक खर्र.

आणि त्याचा वाटा गेला होता.

झालं असं, काल किनाऱ्यावर रापण लागली. रापण म्हणजे भलंमोठं जाळं. त्याची दोरी सगळ्यांनी मिळून वाळूवरून ओढायची. हैशा, हैशा. शंखूनेही दोरीचं शेवटचं टोक धरलं. हैशा. जाळ्यात आला रावस. लांबलचक. चांदीसारखा.

रापणीचे मालक इनासकाका. त्यांचा नियम साधा. दोरीला हात लावला, त्याला वाटा. कुणाला बांगडा दिला, कुणाला तारली दिली. शंखूला म्हणाले, "तुझा वाटा रावसाचं शेपूट."

आणि शेपटासकट अख्खा रावस घरी घेऊन गेले. उद्याच्या नाताळच्या जेवणाला.

"आई, माझं शेपूट गेलं," शंखू म्हणाला.

म्हणून आईला झोप नाही. नीट माग. वाट बघ. चिमटा काढायचा नाही. एवढं तिने शंखूला शिकवलं होतं. शहाणे खेकडे मुलांना हेच शिकवतात. शहाण्या खेकड्यांना वाटा मिळतो का, ते मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

उजाडलं. नाताळ आला. दोघं इनासकाकांच्या घरी गेली. आई उंबऱ्याच्या फटीत बसली. नुसतं बघायला.

"जा बाळा," ती म्हणाली. "नीट माग."

टिकटिक खर्र, टिकटिक खर्र. शंखू गेला चुलीपाशी.

तिथे रोझलीनकाकी. इनासकाकांची बायको. तिने रावसाच्या पोटात हिरवं वाटण भरलं. रावस केळीच्या पानात गुंडाळला. निखाऱ्यावर भाजला. चर्र चर्र. मग सगळ्यांत मोठ्या ताटात ठेवला. भोवती कांदा. डोळ्यावर लिंबाची चकती. आता रावसाला घरातलं काही दिसत नव्हतं. बरंच झालं.

"काकी, काकी, शेपूट दे.
शंखूचा वाटा मिळत नाही."

काकी म्हणाली, "देत नाही. सणाचा मासा अख्खा दिसला पाहिजे. आधी जावई खुर्चीवर बसू देत, मग देते."

रावसातून वाफ येत होती. भस भस.

टिकटिक खर्र, टिकटिक खर्र. शंखू गेला ओसरीवर.

तिथे जावईबुवा. नवेकोरे जावई. नवेकोरे बूट. खुर्चीला टेकून उभे. पोटात गुर्र गुर्र.

"जावईबुवा, जावईबुवा, खुर्चीवर बसा.
काकी शेपूट देत नाही.
शंखूचा वाटा मिळत नाही."

जावई म्हणाले, "बसत नाही. भूक कुणाला आहे? आधी सासूबाई आग्रह करू देत, मग बसतो."

पोट म्हणालं, गुर्र.

रावसातून वाफ येत होती. भस.

टिकटिक खर्र, टिकटिक खर्र. शंखू गेला खिडकीपाशी.

तिथे कातरीनआजी. इनासकाकांची आई, जावयाची सासू. नव्या लुगड्यात ताठ बसलेली.

"आजी, आजी, आग्रह कर.
जावई खुर्चीवर बसत नाहीत.
काकी शेपूट देत नाही.
शंखूचा वाटा मिळत नाही."

आजी म्हणाली, "करत नाही. घरचा धनी गंजीफ्रॉकवर, आणि मी आग्रह करू? लोक काय म्हणतील? आधी आजोबा कोट घालू देत, मग करते."

खिडकीबाहेर लोक नव्हते. कुंपणावर एक बगळा होता. तो काही म्हणत नव्हता.

रावसातून वाफ येत होती. जराशीच.

टिकटिक खर्र, टिकटिक खर्र. शंखू गेला आतल्या खोलीत.

तिथे पास्कूआजोबा. गंजीफ्रॉकवर. गारठलेले. समोर खाट. खाटेवर आजोबांचा लग्नातला कोट.

"आजोबा, आजोबा, कोट घाला.
आजी आग्रह करत नाही.
जावई खुर्चीवर बसत नाहीत.
काकी शेपूट देत नाही.
शंखूचा वाटा मिळत नाही."

आजोबा म्हणाले, "घालत नाही. झोपलेल्याला उठवू नये. आधी बोकोबा कोटावरून उठू दे, मग घालतो."

आजोबांच्या हातावर ओरखडे होते. ताजे.

रावसातून वाफ येईना.

टिकटिक खर्र, टिकटिक खर्र. शंखू गेला खाटेपाशी.

खाटेवर कोट. कोटावर बोकोबा. गुबगुबीत. शेपूट खाटेखाली लोंबत होतं.

"बोकोबा, बोकोबा, कोटावरून उठा.
आजोबा कोट घालत नाहीत.
आजी आग्रह करत नाही.
जावई खुर्चीवर बसत नाहीत.
काकी शेपूट देत नाही.
शंखूचा वाटा मिळत नाही."

बोकोबाने एक डोळा उघडला. "उठत नाही. आधी मला रावसाचं शेपूट दे, मग उठतो."

आणि डोळा मिटला.

शंखू उभा राहिला. बोका उठला तर शेपूट मिळणार. शेपूट मिळालं तर बोका उठणार.

फटीतून आईला थेट आतली खोली दिसत होती. तिचं पोर घरभर फिरलं होतं. एवढंसं पोर. नीट मागितलं होतं. कुणाला एका शब्दाने दुखावलं नव्हतं. आता मागायला कुणी उरलंच नव्हतं.

शंखूने मागे वळून फटीकडे पाहिलं. मग खाटेखाली लोंबणारं शेपूट पाहिलं. मग पुन्हा फटीकडे पाहिलं.

चिमटा काढायचा नाही. आईच्या अगदी ओठांवर आलं होतं.

पण आईने वर आढ्याकडे पाहिलं. आढं फार छान होतं. ती बघतच राहिली.

चिमट.

म्याँऽऽव.

बोकोबा कोटावरून उठला. उठला म्हणजे उडालाच.
आजोबांनी कोट घातला. कोटावर बोक्याचे केस. ते कुणालाच दिसले नाहीत.
आजीने आग्रह केला. "बसा हो जावईबुवा. आमच्या गळ्याची शपथ."
जावई खुर्चीवर बसले. "नको, नको" म्हणत बसले. खुर्ची म्हणाली, कर्र.
काकीने सुरी घेतली. कच्च. शेपूट सुटलं.

शेपूट काकीच्या हातात. खाली शंखू. शेजारी बोकोबा, शेपटीला फुंकर घालत. तोंड वर. डोळे गोल.

"बिच्चारा," काकी म्हणाली, आणि तिचा हात बोक्याकडे वळला.

तेवढ्यात इनासकाका आत आले. सकाळपासून ते अंगणात जाळं वाळत घालत होते. एकच जाळं. घरातले मानपान संपेपर्यंत त्यांचं जाळं कधीच वाळत नसे.

काका म्हणाले, "दोरी कुणी ओढली? बोक्याने?"

बोकोबाने दुसरीकडे पाहिलं.

"दोरीला हात लावला, त्याला वाटा."

काकीचा हात परत वळला. शेपूट आलं खाली. शंखूच्या समोर. अख्खं शेपूट. कडेला कुरकुरीत. वर हिरवं वाटण.

मग सगळे जेवायला बसले. रावस थंडगार. जावई म्हणाले, काय गरम आहे. आजी म्हणाली, ताजा आहे ना. आजोबा काही म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडात केस आला होता. बोकोबाला काटे मिळाले. त्याने दोरी ओढली नव्हती.

टिकटिक खर्र, टिकटिक खर्र. शंखू निघाला. मागे शेपूट. सर्र सर्र.

शंखू आला उंबऱ्यापाशी. आईने त्याला जवळ घेतलं. चिमट्याबद्दल नंतर बोलायचं, असं तिने ठरवलं. उद्या. किंवा मोठा झाल्यावर.

शंखू खाऊ लागला. कुडुम कुडुम. वास फार छान सुटला होता. आईने रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं.

"बाळा," आई म्हणाली, "एक घास मला दे."

शंखूने शेपूट जवळ ओढलं. आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"देत नाही," शंखू म्हणाला. "आधी कोट घाल."