हार घातलेला फर्मा

एका गावात एक सुतार होता. फार पूर्वीची गोष्ट म्हणावी, तर तसंही नाही. कारण त्याच्याकडे फळी आकारात कापणारं, विजेवर चालणारं राउटरचं मशीन होतं. पण बाकी सगळं जुन्या गोष्टीतल्यासारखंच होतं. अंगणात चिंच होती, घरात तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ अशी सुतारीण होती, आणि पंचक्रोशीत नाव होतं ते त्याच्या पांगुळगाड्यांचं. त्या भागातलं प्रत्येक मूल सुताराचा तीनचाकी गाडा धरूनच पहिली पावलं टाकायचं.

त्या गाड्याच्या चाकाचा फर्मा सुताराच्या वडिलांनी केला होता. फर्मा म्हणजे लाकडाचा एक पक्का नमुना. तो कच्च्या फळीवर ठोकायचा आणि राउटर फिरवायचं. पात्याला लागून एक छोटं बेअरिंग असतं. ते फर्म्याच्या कडेकडेने पळतं आणि पातं खालची फळी अगदी तशीच कापतं. फर्म्याची कड गोल तर चाक गोल, आणि फर्म्याला खोच पडली तर चाकालाही खोच पडते. म्हणून म्हाताऱ्याने ती कड घासायला इतके दिवस लावले होते की लोक हसायचे. तो डोळे मिटून कडेवरून बोट फिरवायचा आणि पुन्हा घासायला बसायचा.

म्हातारा गेला. सुताराचा बापावर फार जीव. त्याने विचार केला, 'आबांच्या हातची ही वस्तू. तिच्यावर आता मशीन कसं चालवू?' त्याने फर्मा भिंतीवर आबांच्या फोटोशेजारी टांगला आणि त्याला हार घातला. दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची, तेव्हा पहिलं हळदकुंकू त्या फर्म्याला लागायचं.

मग चाकं कशावरून कापायची? आबांनी केलेलं एक चाक शिल्लक होतं. सुताराने त्यावरून दुसरं कापलं. पहिलं गाड्याला बसून गिऱ्हाइकाकडे गेलं, म्हणून दुसऱ्यावरून तिसरं कापलं. मग तिसऱ्यावरून पुढचं. मशीन जिथे टेकवायचं तिथे पातं सुरुवातीलाच लाकडाचा एक बारीकसा चावा घेतं. नव्या चाकात जुन्याचा चावा यायचा आणि वर स्वतःचा एक पडायचा. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून सुताराचं बरं चाललं होतं.

हळूहळू गावातली मुलं विचित्र चालायला लागली. गाडा मधेच अडायचा आणि झटकन एका अंगाला वळायचा. एकाचं पोर गोठ्यात शिरलं, एकाचं तुळशीवृंदावनावर आपटलं. आयाबाया कुरकुरत आल्या की सुतार म्हणायचा, "तुमची जमीनच उंचसखल आहे, बाई. गाडा काय करणार?"

सुतारीण आतून म्हणायची, "नाचता येईना, अंगण वाकडं."

अशात सुताराची लेक माहेरी आली. कडेवर नात होती, नुकतीच उभी राहायला शिकलेली, गुबगुबीत आणि धीट. आजोबाने हौसेने तिच्यासाठी गाडा केला. दांड्याला लाल रंग दिला, वर लाकडी पोपट बसवला. नात खिदळत गाडा ढकलायला लागली. ओसरीच्या मध्यावर चाक अडलं, गाडा वळला आणि नात ओसरीवरून खाली अंगणात पडली.

कपाळाला टेंगूळ आलं. ते उतरलं, पण नातीच्या मनातली भीती काही उतरेना. गाडा दिसला की ती आईच्या मानेत तोंड खुपसायची. गाड्याशिवाय उभं केलं तरी मटकन खाली बसायची. बरोबरीची मुलं धावायला लागली आणि ही आपली रांगतच राहिली. लेकीचे डोळे सुजलेले दिसायचे.

शेवटी सुतारीण म्हणाली, "अहो, ते चाक एकदा मामंजींच्या फर्म्याला लावून तर बघा."

"त्याला हार घातलाय. देव्हाऱ्यातल्या देवाने कुणी सुपारी फोडतं का?"

"मामंजी काही देव नव्हते," सुतारीण शांतपणे म्हणाली. "सुतार होते."

सुतार उठला, त्याने हार उतरवला, फर्मा खाली घेतला आणि गाड्याचं चाक काढून त्यावर ठेवलं. एका बाजूला चाकाच्या खालून फर्म्याची चांगली बोटभर कड बाहेर डोकावत होती. चाक कसलं, बसकट भोपळाच तो.

आता आबांच्या फर्म्यावरून नवं चाक कापावं, तर आणखी एक अडचण होती. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू कडेवर थरांनी वाळून बसलं होतं. त्यावरून बेअरिंग पळालं असतं, तर प्रत्येक चाकाला टेंगळं आली असती. ते खरवडायला सुताराचा हात धजेना. पूजेचं कुंकू, आणि तेही बापाच्या फर्म्यावरचं. आत नात कशावरून तरी रडली, आणि सुताराने पटाशी उचलली.

त्याने हलक्या हाताने सगळी कड साफ केली, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. कुठे अडलं नाही, कुठे खुपलं नाही. इतक्या वर्षांत आबा त्याला फोटोत कधी भेटले नव्हते, ते या कडेवर भेटले. सुताराला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

सुतारीण जवळच उभी होती. डोळे पुसत म्हणाली, "मग आता नवमीला कुंकू कुठे लावू?"

"मधोमध," सुतार म्हणाला. "कड सोडून."

त्याने आबांच्या फर्म्यावरून रोजच्या वापराचा एक नवा फर्मा कापला आणि त्यावरून तीन चाकं. आबांचा फर्मा कामाच्या टेबलाशेजारी, हात पोचेल अशा खिळ्यावर गेला. त्यानंतर कापलेलं प्रत्येक चाक आधी त्याला लावून बघायचं, असा नेमच झाला. गावभर फिरून त्याने जुन्या गाड्यांची चाकंही बदलून दिली. "तुमची जमीन चांगली आहे, बाई. माझंच चुकलं," असं दारोदार सांगत गेला.

नातीचा गाडा मात्र त्याने नवी चाकं बसवून ओसरीवर नुसता ठेवून दिला. तिला कुणी उचललं नाही, ढकललं नाही. सुतार ओसरीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून बसला. नात खूप वेळ लांबूनच बघत होती. मग रांगत आली, दांडा धरून उभी राहिली आणि एक पाऊल टाकून थांबली. गाडा अडला नाही, वळला नाही. तिने दुसरं पाऊल टाकलं. मग ती सरळ चालत आली, थेट आजोबाच्या मांडीपर्यंत.

तात्पर्य: थोरांनी घालून दिलेला नमुना हार घालून भिंतीवर टांगण्यासाठी नसतो, आपलं रोजचं काम त्याला लावून बघण्यासाठी असतो.