बुटक्या बोल्टाची जागा

एक होती मोटार. निळी निळी, आजोबांच्या वयाची. तिच्या पोटात होता गिअरबॉक्स. दातेरी चाकांची जड जड पेटी! तो बिघडला. गफूरमिस्त्रींनी काढला, नीट केला, पुन्हा चढवला. कर्र कर्र, बोल्ट आवळले.

"झालं बुवा!" मिस्त्री म्हणाले.

कसलं झालं! एक बुटका बोल्ट फडक्याखालीच राहिला ना!

"अगं आई गं! माझी जागा रिकामी! आता गिअरबॉक्स खडखड करील!"

टिण टिण टिण, बोल्ट गेला पान्याकडे.

"पानादादा, पानादादा, मला आवळ."

"मिस्त्री हात लावतील, तर मी फिरेन."

टिण टिण टिण, बोल्ट गेला मिस्त्रींकडे.

"मिस्त्री, मिस्त्री, हात लावा. पाना फिरेना, मी बसेना!"

"आधी चहा! चहा मिळेल, तर मी हलेन."

टिण टिण टिण, बोल्ट गेला चहावाल्या शेवंतामावशीकडे.

"मावशी, मावशी, चहा दे. मिस्त्री हलेनात, पाना फिरेना, मी बसेना!"

"दूध कुठंय, बाळा? म्हैस दूध देईल, तर चहा होईल."

टिण टिण टिण, बोल्ट गेला म्हशीकडे. म्हैस आपली बसलेली, रवंथ करत.

"म्हशीबाई, म्हशीबाई, दूध दे. चहा होईना, मिस्त्री हलेनात, पाना फिरेना, मी बसेना!"

"रोज मोटार पों पों करायची, मग मी उठायचे. मोटार पों पों करील, तर मी उठेन."

टिण टिण टिण, दमला बिचारा! बोल्ट गेला मोटारीकडे.

"मोटारताई, मोटारताई, पों पों कर. म्हैस उठेना, चहा होईना, मिस्त्री हलेनात, पाना फिरेना, मी बसेना!"

"तू कोण रे एवढासा?"

बोल्टानं मान ताठ केली. "मी तुझाच बोल्ट. गिअरबॉक्सचा!"

"अगबाई! तरीच पोटात गार वारा लागतोय. माझा बोल्ट बाहेर, आणि मी गप्प बसू?"

पों पों! पों पों!

म्हैस उठली. दूध आलं. चहा उकळला. मिस्त्री फुर्र फुर्र प्याले, गाडीखाली सरकले. पाना फिरला, कर्र कर्र कर्र.

आणि बोल्ट बसला. घट्ट!

मिस्त्रींनी गिअर टाकला. खट्! मोटार निघाली. खडखड नाही, खुळखुळ नाही.

"शाब्बास रे बुटक्या! तुझ्यावाचून अडलं होतं," मिस्त्री म्हणाले.

रस्त्यावरची माणसं थांबली. "वा वा! काय मोटार आहे!"

मोटारीच्या पोटातून आवाज आला,

"आणि मी तिचा बोल्ट आहे!"