मामांच्या कानाची उंची

आमच्या ऋजुताताईने हौसेने दोन स्पीकर आणले आणि विद्याधरमामा लगेच हजर! मामा म्हणजे घरातले साउंड एक्स्पर्ट, त्यांच्यापुढे बाबाही गप्प. मामा ताठ उभे राहिले, स्वतःच्या कानाला हात लावला आणि म्हणाले, "स्पीकर कानाच्या उंचीला हवा. एवढे उंच स्टँड करून घे!"

बाबा लगेच वेल्डरला फोन लावायला लागले. ताईचा चेहराच पडला, कारण आम्ही सगळे गाणी ऐकतो ते खाली गादीवर, लोडाला टेकून.

"थांबा बाबा, आधी ऐकून तर बघू," ताई म्हणाली. तिने टेबलावर स्टुलं चढवली, स्पीकर बरोबर मामांच्या कानाशी आणले आणि एक लांबलचक ख्याल लावला.

"वा! याला म्हणतात आवाज!" मामा उभ्याउभ्या डोलायला लागले.

पण विलंबित काही संपेना. मामांनी आधी पाय बदलला, मग भिंतीला टेकले आणि शेवटी "हुश्श" करून गादीवर बसले.

"अगं, आता मजा गेली! आवाज कुठे गेला?"

"आवाज आहे तिथेच आहे मामा," ताई म्हणाली, "कान खाली आला."

बाबांनी हातातला फोन ठेवला, मोजायची टेप उचलली आणि ताईला म्हणाले, "हं, तू बस बघू लोडाला टेकून."